चौदा जण गेले

“मोठ्याने बोला, मास्तर. काही ऐकू येत नाही. कुठलं गाव? सावरबंदर? होडी परत आली नाही? बरं. किती जण?”

पलीकडे नुसती खरखर झाली. मग त्या तालुक्यातून शाळा सांभाळून आम्हाला बातम्या कळवणाऱ्या केळसकर मास्तरांचा आवाज आला, विहिरीतून यावा तसा. “चौदा. चौदा जण गेले...” आणि फोन तुटला.

मी दोनदा हॅलो म्हटलं, रिसीव्हरवर चापट्याही मारून पाहिल्या. त्या काळी ट्रंक कॉल एकदा तुटला की तुटला, पुन्हा लागायचा तर अख्खा दिवस जाई. समोरच्या कागदावर मी ऐकलं तसंच्या तसं उतरवलं होतं. सावरबंदर, कालच्या वादळात होडी परत आली नाही, चौदा जण गेले. खाली वेळ टाकली, चार वाजून चाळीस मिनिटं, आणि सही केली.

सावरबंदर हे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशात भिंगातून शोधलं तरी सापडलं नसतं. मला ते ठाऊक होतं ते द्वारकाबाईंमुळे. द्वारकाबाई पावसे म्हणजे आमच्या टेलिव्हिजन केंद्रातल्या रंगभूषेच्या बाई. रोज संध्याकाळी माझ्या तोंडाला पावडर फासता फासता त्या मला त्यांचं गाव सांगायच्या. गावात होड्या पाच, दर्यावर जाणारे बापे वीस-बावीस, आणि त्या वीस-बावीसांत एक त्यांचा नवरा, महादेव. मुलीच्या लग्नाची तजवीज करायला म्हणून बाई मुंबईत नोकरीला राहिल्या होत्या, वरळीला भावाच्या खोलीत. नवरा दर्या सोडून मुंबईला यायला तयार नव्हता, त्यामुळे संसार असा दोन गावांत चालला होता.

वीस-बावीसांतले चौदा. हिशेब मांडायला मला काही फार शहाणपण लागलं नाही.

ही गोष्ट १९७८ च्या नोव्हेंबरमधली. मी तेव्हा तीस वर्षांची होते. गिरगावातल्या मुलींच्या शाळेत चार वर्षं मराठीचं व्याकरण शिकवून, आवाजाची परीक्षा देऊन, मी बातम्या वाचायला लागले होते. वृत्तविभागात सहा पुरुष आणि मी. माझा करार तीन-तीन महिन्यांचा असे. तीन महिने संपत आले की मी सगळ्यांशी जरा जास्तच गोड बोलते, असं मला एकाने सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. मला नुसत्या बातम्या वाचायच्या नव्हत्या, त्या आणायच्या होत्या. पण बाईने बातमी आणायची म्हणजे काय, हे तिथे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. म्हणून साडेसातच्या बातम्यांसाठी सहाला यायचं असताना मी तीनला येऊन बसायची. फोन घ्यायची, टाइप करायची, कुणाचा कागद हरवला तर शोधून द्यायची. मला ते सगळे आगाऊ म्हणत, आणि फोन वाजला की माझ्याकडेच बघत.

कागद घेऊन मी उकिडवेसाहेबांकडे गेले. ते आमचे वृत्तसंपादक. पंचवीस वर्षं वर्तमानपत्रात काढून इकडे आलेले, तोंडात कायम लवंग आणि कानाच्या मागे पेन्सिल. माणूस वाईट नव्हता, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून ठेवलं होतं की तुमचं काम वाचण्याचं, शंका काढण्याचं नाही. त्यांनी कागद वाचला, कानामागची पेन्सिल काढली आणि एका दमात बातमी लिहून टाकली. रत्नागिरी जिल्ह्यातील सावरबंदर येथे कालच्या वादळात होडी बुडून चौदा मच्छीमार मृत्युमुखी पडले. चौथी बातमी, मंत्र्यांच्या उद्घाटनानंतर. शाबास म्हणाले मला. आज एवढी मोठी बातमी दुसऱ्या कुणाकडे नसेल म्हणाले.

खरं सांगायचं तर क्षणभर मला बरं वाटलं. मी आणलेली ती पहिली बातमी होती. मी जाग्यावर येऊन बसले आणि तो कागद टाइप करायला घेतला. “मृत्युमुखी” टाइप करताना मात्र माझा हात थांबला. द्वारकाबाईंनी सांगितलेलं आठवलं, आमच्या होडीत चार मानसं, लयच झाली तर पाच. मग एका होडीत चौदा कसे बुडाले?

मी पुन्हा साहेबांकडे गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं की मोठी होडी असेल, लाँच असेल. मी म्हटलं, त्या गावात लाँच नाही. तुम्हाला कसं ठाऊक, असं त्यांनी विचारलं. मी द्वारकाबाईंचं नाव घेतलं नाही. का कोण जाणे, पण त्यांचा नवरा त्या चौदांत असेल हे त्या खोलीत मोठ्याने म्हणायची मला भीती वाटली. मी नुसतं म्हटलं की माहीत आहे.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. संपादकांना न विचारता तालुक्याच्या गावी लाइटनिंग कॉल लावला. लाइटनिंग म्हणजे साध्या कॉलच्या आठपट दर, आणि त्याला साहेबांची सही लागे. मी फॉर्मवर माझीच सही ठोकून दिली. सहा वाजायला आले तेव्हा ऑपरेटरबाईने कळवलं की पुढच्या तारा वादळाने पडल्यात, आज काही आशा ठेवू नका. जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत फोन लागला, पण तिथे सावरबंदरहून काहीच कळलेलं नव्हतं. मेल्याचं नाही आणि जगल्याचंही नाही.

मला मास्तरांचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. चौदा जण गेले. मी त्याच वेळी विचारायला हवं होतं, गेले म्हणजे काय, मास्तर? पण मी नवखी दिसू नये म्हणून विचारलं नाही. बातमीदाराला असले बाळबोध प्रश्न विचारत नाहीत अशी माझी समजूत होती. या एका समजुतीपायी फोन तुटायच्या आधीचे दोन-तीन सेकंद मी वाया घालवले होते, आणि त्याचा मला इतका राग येत होता की मी टाइपरायटरचा गाडा उगाच दाणकन आपटला.

सव्वासहाला मी तिसऱ्यांदा साहेबांच्या टेबलापाशी उभी राहिले. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी ओरडून विचारत होते, “शिंत्रे गेला का फिल्म आणायला?”

“साहेब, चौथी बातमी पक्की नाही,” मी म्हटलं.

“केळसकर वीस वर्षं शिक्षक आहेत. आजवर त्यांची एक बातमी चुकलेली नाही.”

“मास्तर चुकले असं मी म्हणतच नाही. त्यांचं वाक्य पुरं झालेलं नाही. फोन मध्येच तुटला.”

उकिडवेसाहेबांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. “मयेकरबाई, तुम्ही व्याकरण शिकवलंय ना? मराठीत क्रियापद कुठे येतं?”

“शेवटी.”

“मग? चौदा जण गेले. कर्ता झाला, क्रियापद झालं. वाक्य पुरं झालं.”

“लिहिताना शेवटी येतं, साहेब. बोलताना नाही. तुम्ही आत्ताच म्हणालात, शिंत्रे गेला का फिल्म आणायला. तुमचा फोन ‘गेला’वर तुटला असता तर शिंत्र्यांच्या घरी आता रडारड झाली असती.”

कुणीतरी मागे हसलं. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, जिंकलं. पण ते माझ्यापेक्षा जुने होते आणि त्यांच्याकडेही त्यांचं कारण होतं. गेल्या महिन्यात घाटात ट्रक कोसळला तेव्हा आम्ही खात्री करत बसलो होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी आम्हाला धुऊन काढलं होतं. माणसं मेली तरी यांचा डबा उद्घाटनंच दाखवतो, असं छापून आलं होतं. ते कात्रण साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

“हे पुन्हा नको,” ते हळू आवाजात म्हणाले. “माणूस अनुभवाने शिकतो. वादळ झालंय, होडी आलेली नाही, आपला माणूस चौदा म्हणतोय. मी संपादक आहे, जबाबदारी माझी. तुम्हाला वाचायचं नसेल तर तसं सांगा. दातार कँटीनमध्ये बसलेत. ते वाचतील.”

दातार आमचे राखीव निवेदक. भारदस्त आवाज, स्वच्छ उच्चार, आणि कागदावर जे असेल ते काना-मात्रेसकट वाचायचं हा बाणा. एकदा टाइपिस्टच्या चुकीने “विधान”ऐवजी “मुख्यमंत्र्यांचे निधान” असं टाइप झालं होतं, तर त्यांनी तेही तितक्याच गांभीर्याने वाचलं होतं.

“मी वाचते,” मी म्हटलं.

म्हणताना मी काय करणार आहे हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की तो कागद दातारांच्या हातात जाता कामा नये.

तेवढ्यात पलीकडून द्वारकाबाईंनी हाक मारली. रंगभूषेची खोली म्हणजे आमच्याच खोलीचा प्लायवूडने तोडलेला एक कोपरा. एरवी बाई या वेळी खालच्या मजल्यावर नाटकवाल्या मंडळींना रंगवत असत आणि मलाच त्यांना शोधायला जावं लागे. आज त्या आधीच येऊन बसल्या होत्या. मी आत गेले, कागदांची चळत उलटी करून मांडीवर ठेवली आणि वर दोन्ही हात ठेवले. बाईंना वाचता येत नव्हतं, तरी मी कागद उलटे ठेवले.

त्या दिवशी बाई फार बोलत होत्या. महादेव देवदिवाळीला मुंबईला यायचा होता, त्याला कोट शिवायचा होता, वरळीचा शिंपी मापाशिवाय कोट शिवत नाही म्हणून त्या शिंप्याशी भांडून आल्या होत्या. त्याचे खांदे किती रुंद ते सांगायला त्यांनी पावडरचा हात थांबवून हवेत माप दाखवलं. मी हं हं करत होते. आरशात मला त्यांचं तोंड दिसत होतं आणि माझंही, आणि माझं तोंड बघवत नव्हतं. आपल्या मांडीवर एका बाईच्या नवऱ्याचं मरण ठेवून तिच्याकडून नटून घ्यायचं, यापेक्षा हलकं काम मी आयुष्यात केलं नाही. सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. पण काय सांगणार होते? तो मेलाय हेही मला ठाऊक नव्हतं आणि जिवंत आहे हेही नव्हतं.

शेवटी त्यांनी मधल्या बोटाने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ते काळंच दिसे, पण बाई ते रोज लालच लावत. त्यांचा हात एवढासाही हलला नाही. त्या एवढ्या निवांत आहेत याचं मला रडू येत होतं.

“जा आता,” त्या म्हणाल्या. “घाम पुसू नको. डाग पडतो.”

सात वाजून अठ्ठावीस मिनिटांनी मी कॅमेऱ्यासमोर बसले. तेव्हा बातम्या थेट जात. काचेच्या पलीकडे उकिडवेसाहेब उभे होते, हाताची घडी घालून. लाल दिवा लागला. पहिली बातमी वाचली, दुसरी वाचली, उद्घाटन वाचलं. उद्घाटन संपता संपता मी चौथा कागद समोर घेतला. माझ्याच हाताने टाइप केलेली ती ओळ होती. ती वाचायला फक्त सहा सेकंद लागले असते. सावरबंदरात टेलिव्हिजन नव्हता, पण वरळीत होता, भायखळ्यात होता, आणि सावरबंदरची निम्मी घरं मुंबईच्या चाळींतच राहत होती. त्या सहा सेकंदांत चौदा बायकांनी बांगड्या फोडल्या असत्या. उद्या नवरे परत आले असते, तर फुटलेल्या बांगड्या घेऊन त्या कुणाकडे गेल्या असत्या? माझ्याकडेच ना?

मी कागद खाली ठेवला. जे वाचायचं होतं ते त्यावर नव्हतंच, तेव्हा त्याच्याकडे बघण्यात अर्थ नव्हता. मी कॅमेऱ्याकडे बघितलं.

“रत्नागिरी जिल्ह्यातल्या सावरबंदर इथली एक मच्छीमार होडी कालच्या वादळानंतर परतलेली नाही. तिथले टेलिफोन बंद असल्यामुळे अधिक माहिती मिळू शकलेली नाही. कोणाच्याही मृत्यूची खात्री झालेली नाही. माहिती मिळताच ती आम्ही आपल्याला देऊ.”

काचेपलीकडे साहेबांच्या हाताची घडी सुटली. मी पाचवी बातमी उचलली. आवाज थरथरला नाही याचा मला आजही अभिमान वाटतो, लपवत कशाला.

बाहेर आले तेव्हा साहेब दारातच होते. त्यांनी हात पुढे करून कागद मागितले आणि चौथा काढून माझ्यासमोर धरला.

“तुम्ही जे बोललात ते यात कुठे आहे?”

“नाही.”

“निवेदकाने आपल्या मनाने बातमी बदलली तर उद्या काय शिल्लक राहील इथे?”

तो प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, “मला काढून टाका, साहेब. पण मला जे ठाऊक नाही ते मी लोकांना सांगणार नाही.”

“उद्या अकरा वाजता लेखी खुलासा द्या,” ते म्हणाले आणि निघून गेले. दातार मागे उभे होते. त्यांनी मला फार सभ्यपणे सांगितलं की असं करत नसतात.

द्वारकाबाई पिशवी घेऊन जिन्यात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे न बघताच उतरले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आधीच मी खुलासा साहेबांच्या टेबलावर ठेवला. तीनच ओळी होत्या. ‘गेले’ या शब्दाचा अर्थ बातमी घेताना मी विचारला नाही, ही माझी चूक आहे. अर्थ ठाऊक नसताना तो वाचला नाही, ही चूक नाही. कराराबाबत जो निर्णय होईल तो मान्य आहे. साहेबांनी वाचला आणि काचेखाली त्या कात्रणाच्या शेजारी सरकवला. बारा वाजेपर्यंत आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता काम करत राहिलो. प्रत्येक फोनला मात्र दोघांच्याही माना वर होत होत्या.

बारा-दहाला ट्रंक कॉल आला. केळसकर मास्तर शेजारच्या तालुक्यात सायकलने जाऊन तिथून बोलत होते. आवाज स्वच्छ होता.

“काल अर्ध्यातच तुटला हो. मी सांगत होतो, एक होडी आली नाही, तिच्यात तिघं. म्हणून चौदा जण गेले शोधायला, तीन होड्या घेऊन. तेवढं काल पोचलं का?”

“गेलेपर्यंत पोचलं,” मी म्हटलं. “मास्तर, ते चौदा आले का?”

“आले. आज पहाटे आले.”

“चौदाही?”

“चौदाही. तिघांतले दोघं मिळाले त्यांना, फळीला धरून तरंगत होते. विठोबा जाक्कर म्हणून एक म्हातारा आहे, तो अजून मिळालेला नाही.”

“मला नावं सांगा. सगळ्यांची. सावकाश सांगा, आणि शेवटचं झालं की शेवटचं असं म्हणा.”

मास्तरांनी शाळेतली हजेरी घ्यावी तशी नावं सांगितली. मी एकेक लिहीत गेले आणि मोठ्याने परत म्हणत गेले. नववं नाव पावसे, महादेव गोविंद. तिथे माझं पेन अडलं. मास्तरांनी विचारलं, ऐकू येतंय ना? मी म्हटलं, येतंय, पुढचं सांगा.

फोन ठेवला तेव्हा उकिडवेसाहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे होते. त्यांनी यादी वाचली, खालपासून वर. मग स्वतःच्या कानामागची पेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली.

“लिहा तुम्हीच,” ते म्हणाले. “विठोबाचं काय लिहाल?”

“शोध चालू आहे.”

“परवापासून दर्यात असलेला म्हातारा जगला असेल का, हे नाही विचारत तुम्ही मला?”

“नाही विचारत.”

त्यांनी मान हलवली आणि गेले. चुकलं म्हणून काही ते कधी म्हणाले नाहीत. माझ्या खुलाशावर त्यांनी “पाहिले” एवढंच लिहून तारीख घातली. विठोबा जाक्कर पाचव्या दिवशी किनाऱ्याला लागला, आणि ‘मृत’ हा शब्द आम्ही त्या दिवशी वापरला. जानेवारीत माझ्या कराराचा नवा कागद आला त्यात निवेदिका या शब्दापुढे शाईने “तथा वार्ताहर” असं लिहिलेलं होतं. अक्षर साहेबांचं होतं. पुढे मी गिरणीच्या फाटकांवर उभी राहिले, दंगलीत फिरले, भूकंपाच्या ढिगाऱ्यावरून बोलले. बाईला कशाला पाठवता, असं विचारणाऱ्याला उकिडवेसाहेब म्हणत, ती विचारते म्हणून.

द्वारकाबाईंना मी त्या संध्याकाळी एवढंच सांगितलं की गावाकडे वादळ झालं होतं, पण तुमचे मालक सुखरूप आहेत, मास्तरांचा फोन आला होता. “बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि पावडरचा डबा उघडला. त्यांना काही पत्ताच नव्हता, आणि तो मी लागू दिला नाही, याचं मला मोठं समाधान वाटलं. पुढे कॉलेजांत, सत्कारांत मी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली. ‘गेले’ या एका शब्दाची गोष्ट म्हणून सांगितली. टाळ्या मिळत. द्वारकाबाईंचं नाव मी कधी घेतलं नाही, त्यांच्यासाठी मी काय केलं हे त्यांना कळू नये असा माझा मोठेपणा होता.

बारा वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. महादेवराव त्यांना न्यायला आले होते, खांदे खरंच रुंद होते. ते खाली टॅक्सीत सामान ठेवत होते आणि बाई रंगभूषेच्या खोलीत आपल्या डब्या पुसून कपाटात लावत होत्या. मी मदतीला गेले. खोलीची भिंत तीच होती, प्लायवूडची.

“माझ्या मानसाचं तू केलंस, बाय,” त्या एकदम म्हणाल्या. “बोलले नाय कदी.”

“काय केलं मी?”

“होडीचं. ते चौदा जनांचं.”

माझ्या हातातली डबी मी खाली ठेवली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कोन लागतं? तू फोनवर केवढ्यानं वराडत होतीस. सावरबंदर, किती जन, म्हनून. मी इथंच होते, फळीच्या ह्या अंगाला. आन मंग सायबासंगं भांडलीस ते पन सगळं ऐकलं.”

म्हणजे तो कोट, तो शिंपी, ते हवेत दाखवलेलं खांद्याचं माप, आणि माझ्या कपाळावर टेकलेलं ते न हललेलं बोट. बारा वर्षं मी ज्या बाईला वाचवल्याच्या टाळ्या घेत होते, तिला सगळं माहीत होतं.

“मग तुम्ही मला विचारलं का नाही? रडला का नाहीत?”

बाईंनी शेवटची डबी लावली, कपाटाला कडी घातली आणि हात पदराला पुसले.

“रडले असते तर तुझं तोंड कोन रंगवनार होतं? उशीर झाला असता, सायबानं दातारला बशिवला असता. आन दातार काय, लिवलंय तेच वाचनार. तू बोललीस ना सायबाला, मी वाचते म्हनून? तेवढं ऐकलं, डोळं पुसलं, आन तुला हाक मारली.”